एका नदीच्या काठाने वर: नकाशात चिमुकला नेपाळ प्रवासात एवढा मोठा का वाटतो?

नकाशात नेपाळ म्हणजे भारत आणि तिबेट यांच्यामध्ये अडकलेली एक तिरपी पट्टी. पूर्व-पश्चिम लांबी आठशे किलोमीटरच्या थोडी वर, उत्तर-दक्षिण रुंदी सरासरी दोनशेच्याही आत. हा देश सपाट असता तर सकाळी एका सीमेवरून गाडी काढून दुपारच्या जेवणाला दुसऱ्या सीमेवर पोचता आलं असतं, आणि वाटेत फारसं काही बदललंही नसतं. पण या पट्टीच्या दक्षिण टोकाला जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम ६० मीटरवर आहे, आणि तिथून सरळ रेषेत दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर सगरमाथा, म्हणजे एव्हरेस्ट, उभा आहे, ८,८४८.८६ मीटर. (हा आकडा नेपाळ आणि चीनने डिसेंबर २०२० मध्ये मिळून जाहीर केला. शाळेत पाठ केलेला ८,८४८ काही फार चुकला नव्हता.)

डोंगराळ देशात फिरायला का जावं असं विचारलं की 'निसर्गसौंदर्य' हे उत्तर ठरलेलं. ते आहेच. पण नुसता देखावा दोन दिवसांत डोळ्यांच्या अंगवळणी पडतो. तिसऱ्या दिवशीही माणूस खिडकी सोडत नाही, त्याचं कारण वेगळं असतं: तासातासाला बाहेरचं सगळं बदलत असतं. झाडं, घरांची छपरं, ताटातलं धान्य, देव, भाषा. हे असं का होतं ते कळलं की प्रवासाला वेगळीच गोडी येते, आणि कुठे घाई करायची नाही तेही उमगतं.

हे समजून घ्यायला नेपाळमध्ये एक फार सोयीची नदी आहे. वर डोंगरात तिचं नाव काली गंडकी. खाली देवघाटला ती त्रिशूलीला भेटते आणि नारायणी होऊन चितवनच्या जंगलाकडेने वाहते. पुढे बिहारमध्ये ती गंडक होते आणि पाटण्याजवळ गंगेला मिळते. चितवनहून निघून तिच्या उगमाकडे, मुस्तांगपर्यंत गेलं तर हिमालयाचा आडवा छेदच पायाखालून जातो. पहिल्यांदा नेपाळला निघालेल्याने एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या आधी ही वाट धरावी, असं माझं मत आहे. का, ते पुढे येईलच.

वर गेलं की थंडी का वाजते?

डोंगरावर गेलो म्हणजे सूर्याच्या जवळच गेलो, मग थंडी का, हा प्रश्न लहान मुलं विचारतात आणि मोठी माणसं विषय बदलतात. उत्तर अवघड नाही. ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही. ते जमिनीला तापवतं आणि जमीन हवेला. तापलेली हवा वर जाते. वर तिच्या डोक्यावर हवेचं ओझं कमी, म्हणून ती पसरते आणि पसरता पसरता थंड होते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्हपाशी बोट धरलं तर गार लागतं, तसंच हे.

सरासरी हिशेब असा: दर १,००० मीटर चढलं की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. नेपाळच्या तळापासून माथ्यापर्यंत हा हिशेब मांडला तर फरक ५७ अंशांच्या आसपास जातो. रोजचं हवामान हे गणित इमानेइतबारे पाळत नाही, पण झाडं पाळतात, कारण त्यांना एका दिवसाशी नाही, वर्षानुवर्षांच्या सरासरीशी जुळवून घ्यायचं असतं. म्हणून खाली तराईत, म्हणजे दक्षिणेच्या सखल पट्ट्यात, सालाची जंगलं. हजार-दोन हजार मीटरवर चिलाउने आणि कटुस. त्यावर ओक आणि गुराँस, आणखी वर देवदाराच्या जातीचे सूचिपर्णी वृक्ष आणि भूर्ज, मग खुरटं जुनिपर, गवत, दगड आणि शेवटी बर्फ. सपाट जमिनीवर एवढा बदल बघायचा तर उत्तर ध्रुवाच्या दिशेने हजारो किलोमीटर जावं लागेल. इथे तो एका खोऱ्यात उभा रचलेला आहे.

गुराँस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, हे नेपाळचं राष्ट्रीय फूल. त्याच्या मोहरात हा सगळा हिशेब डोळ्यांना दिसतो. फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये खालच्या उतारांवर लालभडक फुलं यायला लागतात. मग उष्णता जशी वर सरकते तसा बहरही डोंगर चढत जातो. एप्रिलमध्ये वरच्या घोरेपानी गावाच्या आसपासचं रान पेटल्यासारखं होतं, आणि त्याहून वरच्या गुलाबी-पांढऱ्या जाती मे महिन्यातही फुलत असतात. खालची फुलं गळून पायवाटेवर लाल चिखल झालेला असतो तेव्हा वरच्या झाडांवर अजून कळ्या असतात. बहर चुकला असं वाटलं तर डोंगराळ देशात उपाय सोपा: थोडं वर जा. पानगळ चुकली असेल तर खाली या.

तळाची माणसं

चितवन हे नाव नेपाळच्या जाहिरातींत हिमशिखरांच्या मागे पडतं, तरी प्रवास तिथूनच सुरू करावा. १९७३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेलं हे जंगल नारायणी आणि राप्तीच्या पुराच्या मैदानात आहे. माणसाच्या डोक्यावरून जाणारं हत्तीगवत, सालाचं रान, उन्हाळ्यात अंगाची लाही करणारा उकाडा. २०२१ च्या गणनेत नेपाळमध्ये एकशिंगी गेंडे ७५२ भरले, त्यांतले ६९४ एकट्या चितवनमध्ये. २०२२ मध्ये देशातले वाघ ३५५ मोजले गेले. आठ हजार मीटरची शिखरं आणि गेंडे एकाच देशात, हे वाचायला विसंगत वाटतं. पण उन्हाळ्यात इतकं पाणी आणि दर पावसाळ्यात इतका ताजा गाळ या गवताला मिळतो तो त्याच शिखरांमुळे. डोंगर झिजतो, नदी तो खाली आणून पसरते, त्यावर गवत वाढतं आणि गेंडा चरतो.

एक गोष्ट मात्र इथे पाटीवर लिहिलेली नसते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तराईच्या या पट्ट्यात मलेरिया इतका भयंकर होता की पहाडातली माणसं उन्हाळ्या-पावसाळ्यात इथे रात्र काढायला धजत नसत. थारू समाज मात्र पिढ्यान् पिढ्या इथेच राहत आला. त्यांच्या रक्तात मलेरियाला काही अंशी तोंड देणारा आनुवंशिक गुण आहे, हे नंतर अभ्यासातून दिसलं. १९५० च्या दशकात डीडीटीची फवारणी सुरू झाली, मलेरिया हटला, आणि डोंगरातले लोक लोंढ्याने खाली उतरून शेती करू लागले. आज चितवनमध्ये सगळ्या जातीजमातींची सरमिसळ दिसते ती त्यामुळे.

याच्या नेमकं उलट टोक एव्हरेस्टच्या पायथ्याशी, सोलुखुंबूत. तिथल्या शेर्पांचे पूर्वज काही शतकांपूर्वी तिबेटमधून आले. विरळ हवेत गेलं की आपलं शरीर रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवतं, त्याने रक्त दाट होतं आणि हृदयावर ताण येतो. तिबेटी आणि शेर्पा लोकांमध्ये एका जनुकाचा असा प्रकार रुळला आहे की त्यांचं रक्त तेवढं दाट होत नाही, तरी काम भागतं. म्हणजे या चिंचोळ्या देशाच्या तळाला एक समाज तापाशी जुळवून घेत घडला आणि माथ्याला दुसरा विरळ हवेशी. शेर्पा म्हणजे ओझी वाहणारा, असं समजणाऱ्या पर्यटकाला हे सांगायला हवं. शेर्पा ही जमात आहे, हुद्दा नव्हे.

पोखरा: एका रेषेत केळी आणि बर्फ

चितवनहून पोखऱ्याला जाताना महाभारत डोंगररांग ओलांडावी लागते. पोखरा गंडकीच्या काठावर नाही, पण वरची वाट तिथूनच फुटते. शहराची उंची फक्त ८२० मीटर. फेवा तालाच्या काठाला केळीची झाडं, आणि त्यांच्या पानांच्या वर तीसेक किलोमीटरवर माछापुच्छ्रे, ६,९९३ मीटर. नजरेच्या एका टप्प्यात सहा हजार मीटरची चढण जगात फार कमी ठिकाणी बघायला मिळते. माछापुच्छ्रेचं टोक आजही अधिकृतपणे माणसाच्या पायाखाली आलेलं नाही. १९५७ च्या ब्रिटिश मोहिमेतले दोघे माथ्याच्या पन्नासेक मीटर खालून परतले, आणि नंतर पवित्र शिखर म्हणून त्यावर चढाईची परवानगीच देणं बंद झालं. त्या मोहिमेचे प्रमुख जिमी रॉबर्ट्स यांनी पुढे १९६४ मध्ये नेपाळमधली पहिली ट्रेकिंग कंपनी काढली. आज नेपाळमधल्या चहाघरांच्या (म्हणजे राहण्या-जेवण्याची सोय असलेल्या छोट्या लॉजांच्या) वाटांवर जगभरचे लोक चालतात, त्या धंद्याची सुरुवात तिथली.

आता पाऊस. बंगालच्या उपसागराकडून येणारे पावसाळी ढग पोखऱ्यापर्यंत येताना त्यांना मोठी आडकाठी होत नाही, कारण मधले डोंगर या भागात बुटके आहेत. मग ते थेट अन्नपूर्णा रांगेवर येऊन आदळतात. भिंत आली की हवेला वर चढण्यावाचून गत्यंतर नाही. वर चढली की ती थंड होते, आणि थंड हवेत वाफ मावत नाही म्हणून पाऊस पडतो. पोखऱ्याजवळच्या लुम्ले गावात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. नेपाळात सगळ्यात जास्त पावसाच्या ठिकाणांत त्याची गणना आहे. तिथून रांगेच्या पलीकडे, सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरवर जोमसोम आहे. तिथे वर्षाचा पाऊस ३०० मिलिमीटरच्या आत. ढग दक्षिण उतारावरच रिकामे होतात आणि पलीकडे उतरणारी हवा उलट गरम आणि कोरडी होत जाते. भूगोलाच्या पुस्तकात 'पर्जन्यछाया' या शब्दाखाली दोन ओळी असतात. इथे तीच गोष्ट जीपमधून एका दिवसात बघता येते.

पाऊस मोजायचं यंत्र जवळ नसलं तरी छपरं बघत जा. घांद्रुकसारख्या दक्षिण उतारावरच्या गावांत दगडी पाट्यांची उतरती छपरं, पाणी निथळून जावं म्हणून. काली गंडकीच्या खोऱ्यात वर मार्फाला पोचलं की छपरं एकदम सपाट होतात. मातीची, पायाने तुडवून घट्ट केलेली, कडेने सरपणाची रास नीट रचलेली. छपरावर मका, सफरचंदाच्या फोडी, मिरच्या वाळत टाकलेल्या. पाऊसच नाही तर उतार कशाला? छप्पर म्हणजे अंगणच. मार्फाच्या फरसबंद गल्लीखालून पाण्याचे पाट वाहतात आणि भिंती चुन्याने पांढऱ्याशुभ्र रंगवलेल्या असतात. तिथलं सफरचंद प्रसिद्ध आहे, पण मला विचाराल तर त्या गल्ल्या सफरचंदापेक्षा सरस.

डोंगराआधीची नदी

तातोपानी गावाहून वर काली गंडकी दोन महाकाय डोंगरांच्या मधून जाते. एका बाजूला धौलागिरी, ८,१६७ मीटर. दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा, ८,०९१ मीटर. दोन्ही माथ्यांत अंतर ३५ किलोमीटरच्या आसपास आणि मधली नदी अडीच हजार मीटरवर. म्हणजे दोन्हीकडे साडेपाच हजार मीटरच्या भिंती. कडांपासून तळापर्यंत मोजली तर ही जगातली सगळ्यात खोल घळ ठरते, असं म्हणतात. मोजायची कशी यावर वाद आहे, पण तळाशी उभं राहून मान वर केली की तो वाद कुणाला आठवत नाही.

कोड्यात पाडणारी गोष्ट दुसरीच आहे. नदी डोंगरावरून उतरते, डोंगराला भेदून आरपार जात नाही. मग ही उत्तरेकडे, हिमालयाच्या पाठीमागे उगम पावून हिमालय ओलांडून दक्षिणेला कशी येते? उत्तर असं की नदी आधीची आणि डोंगर नंतरचे. भारताचा भूखंड सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला येऊन भिडला आणि जमीन उचलली जाऊ लागली. ती हळूहळू उचलली जात होती आणि नदी तेवढ्याच चिकाटीने कापत होती. डोंगर वाढला, पण नदीने आपली जागा सोडली नाही.

दोन भूखंडांच्या मध्ये जो समुद्र होता त्याचा तळही या घडामोडीत वर आला. शाळिग्राम मिळतो तो याच नदीच्या पात्रात. काळा, गुळगुळीत, गोल दगड. तो फुटला की आत चक्राची सुबक वळणं दिसतात, ती अमोनाइट नावाच्या समुद्री जीवाच्या शंखाची. हे जीव जुरासिक काळातले, म्हणजे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचे. वैष्णवांनी ज्या चक्रात विष्णू पाहिला, त्यातच भूशास्त्रज्ञाला समुद्र दिसतो. मला यात भांडण दिसत नाही. कागबेनी गावाखालच्या वाळूत एखादा शाळिग्राम सापडतो का म्हणून वाकून शोधणारे यात्रेकरू आणि भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी एकाच पात्रात फिरत असतात.

तो भूखंड अजून थांबलेला नाही. भारत दरवर्षी काही सेंटिमीटर उत्तरेला सरकतो, त्यातला सुमारे दोन सेंटिमीटरचा रेटा हिमालय सोसतो. तो साठत जातो आणि एक दिवस सुटतो. २५ एप्रिल २०१५ चा ७.८ क्षमतेचा भूकंप असाच आला. जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. काठमांडू खोऱ्यातली शेकडो वर्षांची देवळं कोसळली आणि लांगटांग गाव हिमकड्याखाली गाडलं गेलं. तातोपानीच्या कुंडात पाय सोडून बसलं की सुखद वाटतं, पण ते गरम पाणीही जमिनीतल्या त्याच भेगांच्या पट्ट्यातून येतं. जे बघायला जायचं ते घडवणारी आणि मोडणारी शक्ती एकच.

अकरा वाजताचा वारा

जोमसोमला विमानं सकाळीच येतात-जातात. अकराच्या सुमारास धावपट्टी शांत होते, कारण तोवर वारा सुटलेला असतो. मुस्तांगचं वरचं उघडं, कोरडं पठार उन्हाने झटपट तापतं आणि तिथली हवा वर उठते. ती जागा भरायला दक्षिणेकडची हवा धावते, पण तिला वर यायला एकच चिंचोळी वाट आहे, ती घळ. दुपारी नदीच्या पात्रात इतका जोर असतो की बारीक वाळू दातांत कचकचते आणि टोपी गेली ती तिबेटलाच. झाडं उत्तरेकडे कललेली असतात, कायमची. जोमसोमहून कागबेनीला दुपारी चालत गेलं तर वारा पाठीवर हात ठेवून ढकलतो. उलट दिशेने येणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. जाणकार सकाळी सहालाच निघतात.

हेच तत्त्व सगळ्या डोंगराळ भागात लहान प्रमाणात चालतं. सकाळी आकाश स्वच्छ असतं. दिवस चढला की खोऱ्यातली दमट हवा वर येते आणि दुपारी शिखरं ढगांत जातात. म्हणून पुनहिलच्या टेकडीवरून शिखरं दाखवायला पहाटे चारला उठवणारा गाईड छळत नाही, तो भौतिकशास्त्र जाणतो.

या खोऱ्याच्या वाटेवर पूर्वी मिठाचा व्यापार चाले. तिबेटी मीठ खाली, खालचं धान्य वर. थकाली समाजाने हा व्यापार हातात ठेवला आणि तुकुचे गावात त्यांच्या कोठ्या उभ्या राहिल्या. तिबेटची सीमा आवळली गेली, भारतातलं स्वस्त मीठ डोंगरात पोचलं आणि तो धंदा बसला. थकालींनी मग वाटसरूंना जेवू घालण्याचं आपलं कसब वापरलं. आज काठमांडूतही 'थकाली भान्सा घर' ही पाटी म्हणजे चांगल्या जेवणाची खात्री मानतात. पितळी ताटात भात किंवा फापराचा, म्हणजे बकव्हीटचा, ढिंडो (पीठ शिजवून केलेला घट्ट गोळा), काळी डाळ, गुंद्रुक (आंबवून वाळवलेला पाला), पालेभाजी, आणि टिमुरची चटणी. टिमुर म्हणजे आपल्या तिरफळाच्याच कुळातलं. जीभ तशीच झिणझिणते. डाळीला तुपात जिम्बूची फोडणी. जिम्बू हे मुस्तांगच्या उंच कुरणांतलं कांद्याच्या जातीचं रानगवत, वाळवून ठेवलेलं. तूप तापलं की वाळक्या काड्यांची चिमूट पडते, क्षणात काळी होते आणि वास सगळ्या स्वयंपाकघरात भरतो. एका ताटात तीन उंचींचं पीक असतं: भात खालचा, फापर मधला, जिम्बू वरचा.

दऱ्या माणसांना जोडतात त्याहून जास्त तोडतात. दोन गावं समोरासमोर दिसतात, पण मध्ये खोल दरी आणि दिवसभराची उतरण-चढण. अशा जागी बोली आपापल्या वाटेने वाढते. २०२१ च्या जनगणनेत नेपाळमध्ये १२४ मातृभाषा आणि १४२ जाती-जमाती नोंदल्या गेल्या. सगळं श्रेय डोंगरांना देता येणार नाही, स्थलांतरांचाही वाटा मोठा आहे. पण आलेले लोक आपापल्या खोऱ्यात वेगळे टिकले, ते डोंगरांमुळे.

शरीर नावाचा सहप्रवासी

पोखऱ्याहून जोमसोमला विमानाने वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तिथून जीपने मुक्तिनाथ. ८२० मीटरवरून सुमारे ३,८०० मीटरवर, एका सकाळीत. मुक्तिनाथला १०८ धारा आहेत, त्यांतून बर्फासारखं पाणी पडतं. जवळच ज्वालामाईच्या देवळात जमिनीतून येणाऱ्या वायूची निळसर ज्योत जळते. हिंदू आणि बौद्ध दोघांचंही हे तीर्थ. वयस्कर यात्रेकरू मोठ्या संख्येने येतात, आणि नेमका इथेच घोळ होतो.

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे सारखंच, २१ टक्के. उंचावर कमी होतो तो दाब. दाब कमी म्हणजे प्रत्येक श्वासात कमी रेणू. साडेपाच हजार मीटरवर दाब जवळजवळ निम्मा उरतो. शरीर याची भरपाई करू शकतं. श्वास वाढतो, मूत्रपिंडं रक्ताचा समतोल पुन्हा बसवतात (म्हणून रात्री उठावं लागतं), पण या सगळ्याला दिवस लागतात, तास नाही. तेवढा वेळ दिला नाही तर डोकेदुखी, मळमळ, थकवा, झोप न लागणं सुरू होतं. तेव्हाही वर जात राहिलं तर फुफ्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचतं आणि ते जिवावर बेतू शकतं. याचा तंदुरुस्तीशी संबंध नाही. जिममध्ये घाम गाळणारा तरुण आडवा होतो आणि शेजारची साठीची बाई मजेत चहा पीत असते, असं सर्रास घडतं.

नियम साधे आहेत. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. लक्षणं दिसली तर वर जायचं नाही, वाढली तर रात्र असली तरी खाली उतरायचं. उंचीवरच्या त्रासासाठी गोळ्या मिळतात, पण त्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या, आणि गोळी घेतली म्हणून वरचे नियम माफ होत नाहीत. मुक्तिनाथला जाणाऱ्यांनी तरी एक रात्र मार्फा, जोमसोम किंवा कागबेनीला काढावी. देव एक दिवस थांबतो.

बेस कॅम्पच्या आधी ही वाट का, त्याचं उत्तर इथे आहे. एव्हरेस्ट बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. लुक्लाला विमानाने उतरलं की तिथेच २,८०० मीटरच्या वर. म्हणजे जवळजवळ सगळा ट्रेक उंचीच्या पट्ट्यातच, आणि रोजचा बराचसा विचार डोकं दुखतंय का याचाच. शिवाय बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचा माथा दिसतच नाही. त्यासाठी जवळच्या काला पत्थर या उंचवट्यावर चढावं लागतं. खुंबू भव्य आहे, यात शंका नाही. पण ते एकाच मजल्यावरचं घर. काली गंडकीच्या वाटेवर सगळे मजले बघता येतात, शरीराला फार न शिणवता.

वेळ, पैसा, परवाने

काठमांडू ते पोखरा रस्त्याने दोनशे किलोमीटर. सहा तास लागले तर नशीब, आठ लागले तर नेहमीचं. रस्ता नदीच्या वळणाने जातो, दरड आली की थांबतो. १२ जुलै २०२४ ला मुग्लिन-नारायणगढ रस्त्यावर दरड कोसळून दोन बस त्रिशूलीत गेल्या. पावसाळ्यात या रस्त्यांवर रात्रीचा प्रवास करू नये. डोंगरात अंतर किलोमीटरमध्ये विचारूच नका, तास विचारा, आणि सांगितलेल्यात निम्म्याने भर घाला.

भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. एका भारतीय रुपयाला १.६ नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना घ्यावा लागतो, सार्क देशांच्या नागरिकांना तो स्वस्त पडतो. एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सना गाईड घेण्याचा नियम आहे, अंमलबजावणी ठिकाणानुसार बदलते. कागबेनीच्या उत्तरेचा वरचा मुस्तांग १९९२ मध्ये परदेशी ट्रेकर्सना खुला झाला. तिथे वेगळा परवाना लागतो. वर जाल तशी चहाघरातली प्रत्येक गोष्ट महाग होते. ती कुणाच्या तरी पाठीवरून नाहीतर खेचरावरून आलेली असते. घासाघीस करू नका. दालभात मागा, तो पुन्हा पुन्हा वाढतात.

जीप रस्ता आता मुक्तिनाथपर्यंत गेला आहे. जुने ट्रेकर्स त्यावर नाक मुरडतात. धूळ आणि भोंगे मलाही नको वाटतात. पण पूर्वी त्याच वाटेने आजारी माणसाला डोलीत घालून दिवसच्या दिवस चालावं लागे, हे तिथल्यांना विचारलं की तक्रार जरा सौम्य होते. चालायचंच असेल तर बऱ्याच टप्प्यांवर नदीच्या पलीकडच्या काठाने जुनी पायवाट अजून आहे.

मोसमाचं म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यांना माहीत आहे: धुतलेली हवा, स्वच्छ शिखरं आणि गर्दी. मार्च-एप्रिलमध्ये गुराँस, पण शिखरं जरा धूसर. जुलै-ऑगस्टमध्येच सुट्टी मिळत असेल तर पोखरा-घोरेपानीचा नाद सोडा, तिथे जळवा पाय धरतात. त्याच दिवसांत पर्जन्यछायेतला मुस्तांग कोरडा असतो, फापराची गुलाबी शेतं फुलायला लागलेली असतात. फक्त पोखरा ते जोमसोम रस्ता आणि विमानं दोन्ही पावसावर अवलंबून, म्हणून परतीचं तिकीट काढताना मध्ये दोन-तीन दिवस मोकळे ठेवा.